ताईचा डीपी

पेन्सिलबाईला माणसांचा तिटकारा होता आणि तो तिने कष्टाने कमावला होता. एकेचाळीस वर्षं ती बाजाररस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसली. पुढच्या खोलीत मालक गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचा, हनुवटी वर, खांदे खाली, असं म्हणत खटका दाबायचा, आणि मग जे काही हाती लागायचं ते निस्तरायला पेन्सिलबाईकडे यायचं. खालून दिवा लावलेली तिरकी काच, तिच्यावर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं लांब टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सुरकुती उजळ दिसते. ती हलक्या हाताने पेन्सिलीने भरली की छापलेल्या फोटोतल्या चेहऱ्यावरून नाहीशी होते. पुढे संगणक आला, पेन्सिल गेली, नाव तेवढं राहिलं. रस्त्यावर कुणालाच तिचं खरं नाव माहीत नव्हतं आणि तिचंही त्यावाचून काही अडलं नाही.

मालकाने पहिल्याच दिवशी धंद्याचा नियम सांगितला होता: बाईची रेघ ठेवायची नाही आणि पुरुषाची काढायची नाही. बाईच्या डोळ्याखालचं काळं राहिलं तर ती फोटो परत करते. पुरुषाच्या कपाळावरची आठी पुसली तर तोही परत करतो, म्हणतो, यात माझा दरारा कुठे आहे. एकोणीस वर्षांच्या पेन्सिलबाईला तेव्हा हसू आलं होतं. पुढची एकेचाळीस वर्षं तिने तो नियम पाळला आणि दर वर्षी तिचं हसू थोडं थोडं आंबत गेलं. दुसराही एक नियम होता. गिऱ्हाइकाला कच्चा फोटो कधी दाखवायचा नाही. काम झालं की कच्चा फोटो फाडायचा, म्हणजे तो कुणाच्या हाती लागून बोभाटा व्हायला नको.

स्टुडिओ बंद पडला, तिथे फोनची कव्हरं विकणारा येऊन बसला, आणि पेन्सिलबाईला वाटलं, सुटले बाई या थोबाडांतून. पण नशिबात सुख नव्हतं. वर्षा दोन वर्षांत रस्त्यावरची सगळी म्हातारी मंडळी फोनवर उतरली आणि एकेक जण तिचं दार ठोठावू लागला. डीपी जरा नीट करून द्या.

पुरुषांचे डीपी बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पासष्टीचा माणूस चाळिशीतला फोटो लावतो, मागे कार्यालयाचं टेबल, टेबलावर तीन फोन, त्यांतले दोन दुसऱ्याचे. नाही तर हाताची घडी, काळा चष्मा आणि नजर लांब कुठे तरी, जणू डोंगरापलीकडून याला कुणी बोलावतंय. प्रत्यक्षात पलीकडे पाण्याची टाकी असते. नावाखाली ‘माजी’ हा शब्द आणि मग पदांची रांग. गोदामात पावत्या फाडणारा गृहस्थ ‘व्यवस्थापन क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव’ असं लिहितो. कुणी वारलं की हे सगळ्यांत आधी धावतात आणि चार ओळींच्या श्रद्धांजलीत तीन ओळी स्वतःबद्दल घालतात. गेलेला माणूस बिचारा चौथ्या ओळीत अंग चोरून उभा.

आणि बायका? त्यांना तर स्वतःचं तोंडच नको असतं. डीपीत गुलाब, डीपीत समुद्र, डीपीत नातू. नातू मोठा होऊन मिशा फुटल्या तरी आजीच्या डीपीत तो दुपट्यातच. स्वतःचा फोटो लावायचं धाडस केलंच, तर मान तिरकी, हात हनुवटीखाली, म्हणजे खालची दुसरी हनुवटी झाकली जावी, आणि कॅमेरा इतका वर की फोटो गच्चीवरून काढला की काय वाटावं. मग एकमेकींच्या फोटोखाली ‘किती गोड’, ‘अगं तू तर आमच्यापेक्षा तरुण’. कुणाचा कुणावर विश्वास नसतो, पण रतीब चुकत नाही. इमारतीतल्या सहा नंबरवालीने एकदा स्वतःच्या फोटोतून नवऱ्याला काढून मागितलं होतं. नवरा निघाला, पण तिच्या खांद्यावरचा त्याचा हात काही निघेना. पेन्सिलबाईने तो शेवटी कुंडीतल्या पानांनी झाकला. त्या फोटोला एकशे चाळीस बदाम मिळाले आणि नवऱ्यानेही एक दिला.

ही सगळी कामं ती करून द्यायची, गप्प बसून, आणि मनातल्या मनात प्रत्येकाचा पाणउतारा करायची. लोकांना ती शांत स्वभावाची वाटत असे.

पुरुषांतला सगळ्यांत मोठा नमुना तिच्या घरचाच होता, म्हणजे ताईचा नवरा. भावोजी वजनमापे खात्यातून उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. डीपीखाली लिहिताना त्यांच्या हातून ‘उप’ तेवढं सांडलं. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले म्हणून त्यांच्या पेजचं नाव ‘चोख माप’, आणि त्यावर दर मंगळवारी सकाळी दहा वाजता ते ‘निवृत्तीनंतर कसे जगावे’ या विषयावर लाइव्ह बोलत. स्वतःच्या शर्टाला इस्त्री कुठे होते हे ज्याला माहीत नाही तो माणूस दोन हजार लोकांना स्वावलंबन शिकवायचा. त्या वेळात घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, शिट्टी होऊ द्यायची नाही, दार उघडायचं नाही. भावोजींचे फोटो मात्र पेन्सिलबाईला नीट करावे लागत नसत. त्यांना त्यांच्या सुरकुत्या जशाच्या तशा हव्या असत. उलट थोड्या ठळक करता येतील का, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं.

ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेहतीस वर्षं ऑपरेटर. सातआठशे नंबर तिला तोंडपाठ असत. नुसता आवाज ऐकून ती गावातल्या अर्ध्या माणसांना ओळखायची, आणि गावही तिला आवाजानेच ओळखायचं. चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. जगात पेन्सिलबाईला जिच्याबद्दल तुच्छता वाटत नव्हती अशी ही एकच व्यक्ती, आणि ते तिने ताईला कधी सांगितलं नव्हतं, कारण असल्या गोष्टी बोलून दाखवणाऱ्यांचा तिला तिटकारा होता.

दीड वर्षापूर्वी ताईला चाळणी हा शब्द आठवेना. हातात चाळणी धरून ती उभी, आणि तोंडातून ‘ते, ते भोकांचं’. मग चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग एके दिवशी जिन्यात तिने पेन्सिलबाईला विचारलं, “आपण वर चाललोय की खाली?” एकदा तर तिने सरळ सांगितलं होतं की मला हल्ली काही तरी होतंय, आणि पेन्सिलबाईने चहाचा कप पुढे करत उत्तर दिलं होतं की काही होत नाही, वय झालं की सगळ्यांचंच असं होतं. ताईने कप घेतला. विषय तिथेच मिटला.

डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पेन्सिलबाईने त्याऐवजी ताईचा फोन हातात घेतला. एक्सचेंजमधल्या जुन्या मैत्रिणींचा ग्रुप होता, इमारतीचा होता, ताईचं स्वतःचं अकाउंट होतं. तिथे ताईने एकच मेसेज चार वेळा टाकला तर बायकांना कळायला वेळ लागला नसता, आणि मग सुरू झालं असतं ते ‘बिच्चारी’. दोन च लावून. ज्या बायकांची मान ती स्वतः सरळ करून देत होती, त्यांनी ताईची कीव करायची हे पेन्सिलबाईला सहन होणार नव्हतं. म्हणून रोज सकाळी सात वाजता ती ताईकडे जायची, चहा करायची, आणि ताईच्या नावाने सुप्रभात लिहायची. नुसतं फुलाचं चित्र नाही. दोन ओळींचा खुसखुशीत विनोद, कुणाला टोमणा, कुणाला शाबासकी. मैत्रिणींच्या प्रश्नांना उत्तरंही तीच द्यायची. दर दोन महिन्यांनी ताईचे चारपाच नवे फोटो काढायची, डोळ्यांखालचं, ओठांकडेचं, कपाळावरचं सगळं काढून टाकायची, डाव्या गालावरचा मोठा काळा डागही, आणि कच्चे फोटो लगेच पुसायची. वर्षभरात ताई ग्रुपमधली सगळ्यांत हजरजबाबी बाई झाली. बायका म्हणायच्या, बहात्तराव्या वर्षी डोकं कसं चालावं ते ताईंकडून शिकावं. पेन्सिलबाई ते वाचून नाक मुरडायची आणि आतून सुखावायची.

तो मंगळवार होता. सकाळचा विनोद टाकून पेन्सिलबाई आठ वाजता घरी परतली. अकरा वाजून पाच मिनिटांनी भावोजींचा फोन आला. ताई तुझ्याकडे आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि तेही अशा आवाजात की जणू पेन्सिलबाईने न विचारता त्यांची छत्री नेली होती. दहा वाजता ते दार लावून लाइव्ह बसले होते. त्याआधी ताई काही तरी विचारायला आली, तेव्हा त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. पाऊण तास बोलून बाहेर आले तर घर मोकळं, बाहेरचं दार उघडं, आणि ताईचा फोन चार्जिंगला लावलेला. वाण्याकडे गेली असेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. खरं तर त्या वेळात ते लाइव्हवरच्या प्रतिक्रिया वाचत होते, पण ते त्यांनी सांगितलं नाही. ताईला वर आणि खाली यांतला फरक कळत नाही हे जगात फक्त तिलाच माहीत होतं.

रस्त्यावरच्या औषधवाल्याने ताईला पाहिलं होतं. साधारण दहाला, बसथांब्यावर, पर्स घेऊन. पायात घरातल्या सपाता होत्या आणि त्याही उलट्या पायांत, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग थांबवलं का नाहीस, असं पेन्सिलबाईने विचारलं तेव्हा तो गोंधळला.

“अहो, सकाळीच त्यांचा तो मेसेज वाचून मी इतका हसलो होतो,” तो म्हणाला. “त्यांना म्हटलंसुद्धा, ताई, आज काय झकास लिहिलंत. त्या हसल्या. एवढं डोकं चालणारी बाई, मला वाटलं घाईत निघाली असेल. काही बिघडलंय असं मनातच आलं नाही.”

तो मेसेज लिहायला पेन्सिलबाईला वीस मिनिटं लागली होती आणि त्यातला शेवटचा शब्द बसल्यावर ती स्वतःवर खूश झाली होती.

पोलीस चौकीत हवालदाराने फोटो मागितला. भावोजींनी ताईचा डीपी दाखवला. हवालदाराने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि वय विचारलं. बहात्तर ऐकल्यावर त्याने पुन्हा फोटोकडे पाहिलं. हा जुना आहे का, असं त्याने विचारलं. भावोजी अभिमानाने म्हणाले की छे, दोनच महिन्यांपूर्वीचा आहे, आमच्या मेहुणीच्या हातची कला. हवालदाराने पेन्सिलबाईकडे असं पाहिलं की तिला एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या कलेची लाज वाटली. त्याने फोटो घेतला खरा, पण गस्तीवरच्या माणसांना सांगताना तो ‘फोटोवर जाऊ नका’ असं बोललेलं तिने ऐकलं.

तोवर भावोजींनी तोच फोटो आपल्या पेजवर आणि सगळ्या ग्रुपवर टाकला होता. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला: ‘माझ्या सहचारिणी आज सकाळपासून घरी परतलेल्या नाहीत. कोणास आढळल्यास संपर्क साधावा.’ खाली नाव, माजी निरीक्षक, आणि पेजची लिंक. अर्ध्या तासात दोनशे प्रतिक्रिया आल्या. पेन्सिलबाई चौकीबाहेरच्या बाकावर बसून त्या एकेक वाचत होती. हात जोडलेली चित्रं, फुलं, बदाम. सहा नंबरवालीने लिहिलं होतं, ‘काय छान दिसताय ताई’. एक्सचेंजमधल्या तिघींनी ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ दिल्या होत्या आणि चौथीने वर केकचं चित्र चिकटवलं होतं. निवृत्त पोस्टमास्तरांनी वृद्धांच्या सुरक्षिततेवर सव्वीस ओळी लिहिल्या होत्या, त्यांत आपण टपाल खात्यात असताना एका हरवलेल्या पार्सलचा कसा छडा लावला ते सविस्तर होतं. मजकूर कुणी वाचतच नव्हतं. बाईचा फोटो दिसला की छान म्हणायचं आणि पुरुषाची पोस्ट दिसली की खाली आपलं शहाणपण ओतायचं, एवढंच त्यांना येत होतं. आणि ज्यांनी मजकूर वाचला ते रस्त्यावर पन्नाशीची, गुळगुळीत गालांची, डोळ्यांत चमक असलेली एक बाई शोधत असणार. तशी बाई जगात नव्हती.

एक वाजला. ऊन चांगलंच तापलं होतं आणि ताईची अकराची गोळी घरातच राहिली होती. पेन्सिलबाईने आपला फोन उघडला. ताईचे चाळीसएक फोटो होते, सगळे तिने नीट केलेले. कच्चा एकही नव्हता. ताईच्या फोनमध्ये फुलं होती, नातवंडं होती, आणि पुन्हा तेच चाळीस फोटो. तिने चाळीसच्या चाळीस पाहिले आणि त्यांतल्या एकीलाही बसथांब्यावर उभं करून बघता येईना. शेवटी तिने भावोजींचा फोन मागून घेतला आणि त्यांचं पेज उघडलं.

चौदाशे फोटो होते आणि चौदाशेंत भावोजी. भावोजी पुस्तक धरून, भावोजी झाडाला पाणी घालताना, म्हणजे झाडाशेजारी उभे राहून, भावोजी चिंतनात. ती खाली खाली सरकत गेली. एका फोटोत कडेला ताईचं कोपर होतं. एकात कप धरलेली तिची बोटं. एकात नुसता पदार्थ वाढणारा हात, मनगटापासून कापलेला. आणि मग तीन आठवड्यांपूर्वीचा एक फोटो आला. भावोजी खुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र, चेहऱ्यावर जगाची काळजी. त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. तिला कुणी हास म्हटलं नव्हतं, मान तिरकी कर म्हटलं नव्हतं. केस विस्कटलेले, गाल आत गेलेले, तोंड किंचित उघडं, डाव्या गालावर तो डाग, आणि डोळे थेट कॅमेऱ्याकडे. हे कुणाचं घर आहे असं विचारावं तसे डोळे. भावोजींनी तो फोटो स्वतः निवडून लावला होता. मागे कोण उभं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि बघणाऱ्या तीनशे जणांच्याही नाही.

पेन्सिलबाईने फोटो मोठा केला आणि भावोजींना कापून बाहेर टाकलं. उरली ताई. सवयीने तिचा अंगठा गालाकडे गेला, सुरकुती पुसायच्या खुणेवर टेकला. तिने तो उचलला. मग तिने मजकूर लिहिला: वय बहात्तर, डाव्या गालावर काळा डाग, पायात सपाता, बहुधा उलट्या. हिला दीड वर्षापासून विसरायला होतं. नाव विचारलं तर कदाचित सांगता येणार नाही. दिसली तर हात धरून बसवा आणि फोन करा.

भावोजींनी फोन हातात घेऊन ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“असा फोटो?” ते म्हणाले. “दोन हजार लोक बघतात हे पेज. आणि हे विसरण्याचं कशाला लिहायचं? उगाच बदनामी. तसं काही असतं तर मला कळलं नसतं का?”

“तुम्हाला नाहीच कळलं,” पेन्सिलबाई म्हणाली. “मला कळलं होतं. मी लपवलं. रोजचे ते मेसेज ताई लिहीत नाही भावोजी, मी लिहिते. आता फोन इकडे द्या.”

गेले वर्षभर भावोजी बायकोच्या विनोदांना अंगठे देत होते आणि आपल्या सहवासाने तिची बुद्धी तल्लख राहिली असं चार ठिकाणी सांगत होते. त्यांनी फोन दिला. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि म्हणाले की सकाळी ती काय विचारायला आली होती ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पेन्सिलबाईला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. तिच्याजवळ होती नव्हती ती सगळी तुच्छता त्या क्षणी तिला स्वतःसाठी लागत होती. हा माणूस निदान खोटं बोलला ते स्वतःबद्दल. तिने दुसऱ्याच्या तोंडाला हात घातला होता, आणि ज्यांना ती मूर्ख समजायची त्या सगळ्यांना बायको, बहीण, मैत्रीण म्हणून एक बनावट बाई विकली होती. त्यांनी ती निमूटपणे घेतली म्हणून वर त्यांनाच हसली होती.

नवी पोस्ट टाकल्यापासून अकराव्या मिनिटाला फोन आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला फर्निचरचं मोठं दुकान होतं, तिथली विक्रेती बोलत होती. एक आजी साडेदहापासून दुकानात बसल्या आहेत, दाखवायला ठेवलेल्या टेबलाशी. माझी पाळी दोनला संपेल म्हणतात. कधी कधी कुणाला तरी ‘नंबर सांगा’ म्हणतात. पहिला फोटो तिने बारा वाजताच पाहिला होता. फोन त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरूनसुद्धा पाहिला होता, आणि या नव्हेत असं ठरवून खिशात टाकला होता. हे सांगताना ती पोर माफी मागत होती. त्या इमारतीत पूर्वी टेलिफोन एक्सचेंज होतं.

तीन वाजता ताई घरी आली, पोलिसांच्या गाडीतून, पर्स मांडीवर घट्ट धरून. गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि ड्युटी कुणी बदलली असं एकदा विचारलं. तासाभराने तिचं चित्त ठिकाणावर आलं. टेबलावर तीन फोन एकसारखे वाजत होते. भावोजींच्या पेजवर कधी नव्हे ती आठशे माणसं जमली होती. सहा नंबरवालीने ‘बिच्चारी’ लिहून टाकलंच होतं.

ताईने चष्मा मागितला आणि एक फोन उचलला. पेन्सिलबाई घ्यायला पुढे झाली, पण ताईने हात मागे घेतला. फोटो तिने बराच वेळ पाहिला. मग बोटाने मोठा केला, गालापर्यंत, डागापर्यंत, डोळ्यांपर्यंत.

“ही मी ना?”

“हो,” पेन्सिलबाई म्हणाली.

“इतकी झालेय मी?” ताईने विचारलं. आवाजात रडं नव्हतं. लाइनवर कोण बोलतंय याची खातरी करून घ्यावी तसा आवाज होता. “मला वाटायचं काही तरी होतंय. तुला विचारलं होतं मी. तू रोज समोर बसून चहा पितेस, माझ्या तोंडाकडे बघतेस. मला का नाही सांगितलंस?”

पेन्सिलबाईकडे सगळ्यांसाठी उत्तर तयार असे, नेहमीच. आज ती ताईच्या सपाता काढून सुलट्या लावत राहिली. भावोजी दारात उभे होते, आत यावं की नाही हे न कळून.

“हाच लाव माझ्या नावापुढे,” ताई म्हणाली. “पुन्हा गेले कुठे तर आणून तरी सोडतील.”

पेन्सिलबाईने गुळगुळीत बाई काढली आणि दारातली ताई लावली. पाच मिनिटांत फोन वाजला. एक्सचेंजमधल्या एका मैत्रिणीचा मेसेज होता. तिने काय लिहिलंय ते ताईने वाचायला सांगितलं. गेलं वर्षभर पेन्सिलबाई ताईला असे मेसेज वाचून दाखवायची तेव्हा त्यांतलं नको ते गाळून आणि हवं ते घालून. या वेळी तिने आहे तसं वाचलं.

“आधीचा फोटो किती छान होता गं. तोच ठेव ना.”

“तिला लिही,” ताई म्हणाली, “तो माझा नव्हता.”

पेन्सिलबाईने तेवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.